पंप उतरवण्याआधी
जुन्या गाड्यांचं सदर : वाचकांचे प्रश्न आणि चिपळूणच्या गॅरेजमधून उत्तरं

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं जुन्या पिकअपची आहेत आणि तक्रार जवळपास एकच आहे : इंजिन मिस मारतं, म्हणजे एखादा सिलिंडर आपलं काम सोडतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतोय. डिझेल गाडीवाल्या बाकी मंडळींनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी २००५ सालची डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, साधा मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. सीझनला आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला जाते, एरवी चिरे, खत, मिळेल ते भाडं. पावसाळा संपल्यापासून स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते, गिअरचा दांडा नाचतो. रेस दिली की बरी वाटते. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, चालू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येतो. माल भरून कुंभार्ली चढताना दुसऱ्या गिअरवरही दम टाकते. दिवाळीत डिझेल फिल्टर बदलला, फरक नाही. आमचे मिस्त्री म्हणतात, पंप आणि चारही नोझल नवीन टाकू. आंब्याच्या आधी एवढे पैसे माझ्याकडे नाहीत. काय करू?
(गुहागर तालुक्यातील एक गाडीमालक)

उत्तर : दादा, पंपाला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रात पंपाकडेच बोट दाखवणारं लक्षण मला एकही दिसत नाही.

तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्या आधी सुट्या करू. सकाळी सेल्फ मारत बसावं लागणं आणि घाटात दम टाकणं, ही डिझेल पंपापर्यंत नीट पोचत नसल्याची खूण. स्लोवरची थरथर ही बहुधा चारातला एक सिलिंडर काम करत नसल्याची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात आल्या म्हणून कारण एकच असलं पाहिजे, असं काही नाही. वीस वर्षं चाललेल्या गाडीत दोन-तीन दोष सुखानं शेजारी नांदतात.

आता पंपाचं. डिझेल दाबून पाठवतो तो पंप आणि सिलिंडरमध्ये त्याचा फवारा मारतो तो नोझल. तुमच्या गाडीवर पंप कोणता आहे ते बघून घ्या. चारही पाइप गोलाकार डोक्यातून निघत असतील तर तो रोटरी. एका ओळीत चार पाइप असतील तर इनलाइन. रोटरीत एकच प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) फिरत फिरत चारही सिलिंडरना डिझेल देतो. तो झिजला तर चौघांचंही पोट भरणार नाही, एकट्याचं नाही. एकाच सिलिंडरची तक्रार असेल तर रोटरी पंपात फार तर त्या पाइपाच्या बुडाशी असलेला डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघायचा. तो बाहेरून निघतो, पंप उतरवावा लागत नाही. इनलाइनमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरचा एलिमेंट (प्लंजर आणि त्याची नळी) वेगळा असतो, तिथे एकच खराब होऊ शकतो. म्हणजे ‘पंप गेलाय’ म्हणण्याआधी, कोणता पंप आणि किती सिलिंडर, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

गाडी गरम करा, स्लोवर सोडा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. डोळे मिटून मोजा. ठोके पडत असताना दर चौथा ठोका हलका लागत असेल, आणि तोही एकसारख्या अंतरानं, तर एक ठरावीक सिलिंडर गेलेला आहे. हलका ठोका कधी लगेच, कधी उशिरा, असा बेभरवशाचा येत असेल तर डिझेलमध्ये हवा किंवा पाणी आहे. याला पैसा लागत नाही, आणि पुढची वाट इथेच ठरते.

आधी हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे या भागातल्या पाइपाला बारीक चीर असली तरी गाडी चालू असताना थेंबही बाहेर पडत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. शहाळं पिताना नळीला भोक असलं की पाणी कमी आणि हवाच जास्त येते, तसं. म्हणून ‘कुठेही लीक नाही’ एवढ्यावर जाऊ नका. रात्रभर गाडी उभी राहिली की याच चिरेतून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फला आधी ती हवा बाहेर काढावी लागते. तुमची सकाळची तक्रार अगदी अशीच आहे.

सकाळी सेल्फ मारायच्या आधी डिझेल लाइनवरचा हातपंप दाबून बघा. दोन-तीन दाबांत घट्ट लागला तर लाइन भरलेली आहे. दाबतच राहावं लागलं तर हवा आहे. मग फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून तिथे हातभर पारदर्शक डिझेल पाइप लावा, क्लिपा नीट आवळा, हवा काढा आणि गाडी चालू करून त्या पाइपाकडे बघत उभे राहा. सुरुवातीला काही बुडबुडे जातील, ते जाऊ द्यात. नंतरही मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं चाललेले दिसले, की दोष सापडला.

हवा कुठून येते याच्या माझ्या यादीत पहिला नंबर फिल्टरच्या रबरी रिंगचा. तुम्ही दिवाळीत फिल्टर बदललात. जुनी रिंग वरच्या डोक्याला चिकटून राहते, तिच्यावरच नवी बसते, दोन रिंगा एकावर एक होतात आणि फिल्टर कितीही आवळला तरी हवा खातो. फिल्टर खोला आणि बोट फिरवून बघा. त्यानंतर बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, हातपंपाचा आतला व्हॉल्व्ह आणि चासीला घासून गेलेला टाकीकडचा पाइप.

सापडत नसेल तर स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन घ्या. तो इंजिनपेक्षा उंच, सायलेन्सर आणि बॅटरीपासून लांब बांधा आणि त्यातून थेट फीड पंपाला पाइप द्या. गाडी गुळगुळीत चालली तर पंप, नोझल सगळे निर्दोष. दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच आहे.

घाटाचंही याच भागात बघून घ्या. रिकामी गाडी सपाटीला चालते कारण तिला डिझेल कमी लागतं. कुंभार्लीत माल भरून चढताना मागणी वाढते आणि टाकीतली जाळी गाळानं बंद झालेली असेल तर तिथे कमी पडतं. चढाला गाडी दमली की थांबून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फस्स’ असा आवाज आला आणि पुढे काही वेळ गाडी बरी ओढली, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. नाहीतर टाकीचा खालचा नट उघडून गाळ आणि पाणी काढा. पावसाळ्यात ड्रमातून भरलेल्या डिझेलमध्ये पाणी हमखास असतं.

आता आळशी सिलिंडर शोधू. हे काम तुम्ही एकट्यानं करू नका, मिस्त्रींना सोबत घ्या. गाडी गरम, स्लोवर. पहिल्या नोझलला येणाऱ्या लोखंडी पाइपाचा नट, बहुतेक गाड्यांना १७चा किंवा १९चा पाना लागतो, चिंधी गुंडाळून अर्धा आटा सैल करायचा. नटाच्या कडेनं डिझेल ठोक्याठोक्यानं उसळायला लागतं आणि तो सिलिंडर बंद पडतो. चांगला सिलिंडर असेल तर इंजिनचा आवाज लगेच खाली बसतो आणि थरथर वाढते. नट आवळला की परत पूर्ववत. मग दुसरा, तिसरा, चौथा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला आहे.

हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर करायचं. कॉमन रेल (नव्या, इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या डिझेल) गाडीला चालू इंजिनावर हा नट कधीही, कुणीही सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. जुन्या गाडीतही नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतो, तेव्हा उडणाऱ्या डिझेलसमोर बोट धरून बघू नका आणि चष्मा लावा. बारीक फवारा कातडीत शिरला तर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण डिझेल आत पसरत जातं. असं झालंच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घडीला मोठ्या हॉस्पिटलात जा आणि ‘दाबाचं डिझेल शिरलंय’ हे स्पष्ट सांगा. वेळ गेला की बोट गमवावं लागतं.

समजा तिसरा सिलिंडर निघाला. तरी लगेच नवीन नोझल आणायचं नाही. तिसऱ्याचा नोझल पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला लावायचा, आणि परत नट सैल करून बघायचं. मिसिंग नोझलबरोबर पहिल्याकडे गेलं तर नोझल खराब. तेवढा एक नोझल पंपवाल्याकडे (डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे) टेस्टरवर लावा आणि स्वतः समोर उभे राहून बघा : फवारा सगळ्या भोकांतून एकसारखा धुक्यासारखा यायला हवा आणि दाब थांबल्यावर टोकाला थेंब लोंबकळता कामा नये.

नोझल उतरवताना खाली बघायला विसरू नका. नोझलच्या अंगाला आणि बैठकीत काळी, ओलसर काजळी असेल तर तिथून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, बाहेर येतंय. थंड इंजिनावर अशा नोझलजवळ कान नेला तर ‘चुक-चुक’ ऐकू येतं, साबणाचं पाणी सोडलं तर फेस येतो. याला लागतो तांब्याचा एक वॉशर, खर्च अगदी किरकोळ. जुना वॉशर बैठकीला चिकटलेला असतो, तो आकडा घालून काढावाच लागतो. त्याच्यावर दुसरा टाकला तर नोझल वर उचलला जातो, फवारा पिस्टनमधल्या खळग्यात पडायच्या ऐवजी भलतीकडे पडतो, आणि मिसिंग गेलं तरी काळा धूर सुरू होतो.

मिसिंग तिसऱ्यावरच राहिलं तर नोझल निर्दोष आहे, आणि मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. टॅपेट वाजतात म्हणून मालक कटकट करतात, मिस्त्री ते जरा जास्तच आवळून देतात, गाडी शांत होते आणि सगळे खूश. पण घट्ट टॅपेट आवाज करत नाही, मुकाट्यानं व्हॉल्व्ह जाळतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, स्लोवर कॉम्प्रेशन गळून जातं आणि सिलिंडर मिस मारतो. रेस दिली की गळायला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून बरं वाटतं. तुम्हीही ‘रेस दिली की बरी वाटते’ असंच लिहिलंय. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, तुमच्या इंजिनच्या पुस्तकात आहे ते माप धरा, थंड इंजिनावर सांगितलं असेल तर थंडच. एखाद्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये गेज शिरतच नसेल तर चोर सापडला.

इतकं करूनही तो सिलिंडर जागा झाला नाही तर कॉम्प्रेशन गेज. अशा इंजिनांत साधारण २५ ते ३० बार यावं, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. तीन जण २७ आणि एक १८, असं आलं तर आत दुखणं आहे. शेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गास्केट बघा. पेट्रोल गाडीसारखं वरून ऑइल ओतून परत मोजायच्या फंदात डिझेलला पडू नका. आतली जागा एवढीशी असते, की जास्त ऑइल पडलं तर पिस्टन अडकून त्याचा रॉड वाकेल.

पांढऱ्या धुराचं : डोळे झोंबत असतील तर ते न जळलेलं डिझेल आहे, आणि वरच्या दुरुस्तीतच तो जाईल. धूर झोंबत नसेल, गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावं लागत असेल, तर गाडी चालवू नका, हेड खोलावं लागेल.

तुमच्या मिस्त्रींबद्दल मला राग नाही, तुम्हीही धरू नका. पंप आणि नोझल बदलले की त्याची पावती दाखवता येते, मालक पैसे देतो. सकाळभर पाइपाकडे बघून दोन रिंगा एकावर एक बसल्यात हे शोधलं, तर मालक म्हणतो, ‘केलं काय? एक रबर काढलं!’ आणि पन्नासची नोट पुढे करतो. मग मिस्त्री शोधायचं सोडतो आणि बदलायला लागतो. तेव्हा गाडी लावतानाच त्यांना सांगा, की आधी शोधून द्या, शोधायची पूर्ण दिवसाची मजुरी देतो, पार्ट लागला नाही तरी देतो. ती मजुरी पंपाच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणार नाही. आमच्या धंद्यातले चांगले हात टिकायचे असतील तर गिऱ्हाइकांनी शोधण्याचे पैसे द्यायला शिकलं पाहिजे, हे मी दरवर्षी लिहितो आणि यापुढेही लिहीन.

माझा अंदाज विचाराल तर सकाळची आणि घाटाची तक्रार फिल्टरची रिंग किंवा टाकीकडचा पाइप यात, आणि थरथर नोझलच्या वॉशरमध्ये नाहीतर घट्ट टॅपेटमध्ये. पंप शेवटी. आणि शेवटी पंपच निघाला, तर तो टेस्ट बेंचवर लावणाऱ्या अधिकृत पंपवाल्याकडेच न्या. पंपावरच्या पट्टीवर मायको असो की बॉश, घाबरू नका, बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं म्हणजे मायकोचंच नाव २००८ साली बॉश झालं. त्या पट्टीवरचा नंबर त्यांना द्या, सेटिंग त्या नंबरावरून होतं, कानानं होत नाही.

प्रश्न : मी गेल्या वर्षी एक डिझेल पिकअप स्वस्तात घेतली. नंतर कळलं, ती जुलै २०२१च्या पुरात बुडाली होती. तिसरा सिलिंडर मिस मारतो, बारीक ठकठक येते. नोझलची अदलाबदल केली, टॅपेट बघितले, मिसिंग तिसऱ्यावरच आहे. धूर फारसा नाही. गाडी अशीच चालवली तर चालेल का?
(खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : चालवू नका. हे उत्तर वाचल्यापासून भाडं घेऊ नका.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात उभ्या गाड्या छपरापर्यंत गेल्या. पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का, हे बघायला लोकांनी चिखलातच सेल्फ मारले. काय झालं असेल ते सांगतो. एअर क्लीनरमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि जोर कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) येतो. रॉड मोडला तर तिथेच कळतं. थोडासा वाकला तर गाडी चालू होते, धुऊन-पुसून, ऑइल बदलून विकलीही जाते. पण वाकलेला रॉड लांबीला कमी भरतो, पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं. तुमची लक्षणं याला तंतोतंत जुळतात.

हेड न खोलता याचा अंदाज येतो. चारही नोझल काढा. एक सरळ, पातळ तार त्या भोकातून सोडा, पाना लावून इंजिन हातानं फिरवा आणि पिस्टन सगळ्यात वर आला की तारेवर खूण करा. चारही सिलिंडरना तीच तार, त्याच कोनात. तीन खुणा एका जागी आणि तिसऱ्या सिलिंडरची मिलिमीटरभर वर, म्हणजे तार तिथे जास्त खोल गेली, तर रॉड वाकलेला आहे. तार पिस्टनच्या वाटेत अडकू देऊ नका, सेल्फ तर अजिबात नको. मग हेड काढून डायल गेजनं पक्कं करायचं. लायनरमध्ये वरच्या कडेला कार्बनची रेघ असते, वाकलेल्या रॉडच्या सिलिंडरला ती इतरांपेक्षा रुंद किंवा खालपर्यंत आलेली दिसते.

असा रॉड किती टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. तुटला की ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग अख्खं इंजिन गेलं. वेळीच धरलं तर एक रॉड, बेअरिंग, बहुधा पिस्टन, रिंगा आणि गास्केट सेट एवढ्यावर भागतं. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून देणारे आहेत. त्यांच्याकडे नेऊ नका, नवीन किंवा त्याच वजनाचा तपासलेला रॉड टाका.

खोललंच आहे तर ऑइल पॅनही काढा आणि सम्पमधला गाळ बोटानं बघा. पुराची माती ऑइल बदलल्यानं सगळी जात नाही. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडचं (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) कनेक्शनही घासून साफ करा. गंजलं की डिझेल मध्येच तुटतं आणि लोक पुन्हा इंजिनालाच दोष देतात.

आणि ज्यांच्या गाड्या यापुढे पाण्यात जातील, त्यांच्यासाठी : सेल्फ मारू नका. बॅटरी काढा, टो करून आणा, नोझल उतरवा, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढा. मगच पुढचं.

प्रश्न : मी मस्कतला असतो. माझ्याकडे टोयोटा हायलक्स आहे, जुनी, २२आर पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर. स्लोवर वर-खाली होते, कधी बंद पडते. वेग घेतला की मस्त. प्लग नवीन टाकले. कार्बोरेटर नवीन घ्यावा का?
(मूळ दापोली, सध्या ओमान)

उत्तर : तुमच्या गावाजवळचीच माणसं आम्ही, आणि काही वर्षं मी वादी कबीरच्या गॅरेजांत काढली आहेत, त्यामुळे तुमच्या पत्रानं बरं वाटलं. ते २,३६६ सीसीचं इंजिन समजायला सोपं आणि स्वभावानं सज्जन आहे. कार्बोरेटर घेऊ नका, आधी रबर बघा.

तिकडच्या उन्हात बॉनेटखालचे व्हॅक्युमचे पाइप काही वर्षांत बिस्किटासारखे होतात. वाकवला की कडकन तुटतो. तिथून फुकटची हवा आत जाते. स्लोवर पेट्रोल मोजकं असतं, त्यामुळे मिश्रण लगेच पातळ होतं. वेग घेतल्यावर हवा खूप लागते, तेव्हा ही गळती जाणवत नाही. तुमची तक्रार हेच सांगते.

गाडी स्लोवर ठेवून एकेक व्हॅक्युम पाइप पकडीनं दाबत जा. ज्याला दाबल्यावर इंजिन स्थिर झालं, तो बदला. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नका. तो गळत असेल तर ब्रेकही दगडासारखा कडक लागतो, आणि तो दोष मिसिंगपेक्षा गंभीर आहे. नंतर कार्बोरेटरच्या बुडाची गास्केट आणि मॅनिफोल्डचे बोल्ट. तिथे लोक क्लीनरचा फवारा मारून बघतात, पण तो पेटतो, आणि तुमच्या लीडा (प्लगच्या वायरी) जुन्या असतील. साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्यानंही इंजिनचा आवाज बदलतो, तेवढा पुरतो. प्लगच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला मात्र पाणी उडू देऊ नका.

प्लग बदलताना लीडा काढल्या असतील, तर क्रम तपासा : १-३-४-२. मग रात्री, अंगणातला दिवा घालवून बॉनेट उघडा आणि चालू इंजिनाकडे बघा. लीड फुटलेली असेल तर तिच्या अंगावरून निळसर ठिणगी लोखंडाकडे उडी मारताना दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ असेल तर टोपीही बदला. शेवटी टॅपेट : या इंजिनाचे गरम असताना बघायचे, इनलेट ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी.

एवढं झाल्यावर स्लो स्थिर झाला नाही तर कार्बोरेटर उतरवा, धुवा, स्लो जेट फुंकून साफ करा. ओरिजिनल आहे तोवर तो टाकू नका. बाजारातल्या स्वस्त नकलांपेक्षा धुतलेला जुना चांगला.

प्रश्न : इंजिनचा आवाज एकसारखा आहे, धूर नाही, ताकद आहे, पण स्लोवर केबिन थरथरते. नोझल काढू का?
(कणकवली)

उत्तर : नको. सिलिंडर सगळे काम करत आहेत, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचं रबर गेलंय. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पुढे कुणाला उभं राहू देऊ नका आणि जाणत्या माणसाला क्लच हळूच किंचित सोडायला सांगा. इंजिन एका बाजूनं उचललं जाताना दिसेल. रबर जोडीनंच बदला, गिअरबॉक्सखालचंही.

प्रश्न : मिसिंग जावं म्हणून डिझेलमध्ये थोडं रॉकेल घातलं तर? आमच्याकडे सगळे घालतात.
(लांजा)

उत्तर : घालू नका. पंपातल्या प्लंजरला डिझेलशिवाय दुसरं वंगण नसतं, रोटरी पंपात तर सगळं डिझेलच्याच ओलाव्यावर चालतं. रॉकेल पातळ आहे, ते ओलावा देत नाही, प्लंजर ओरबाडला जातो. नोझल साफ झाल्यासारखा चार दिवस वाटेल आणि मग ज्या पंपाचा खर्च गुहागरच्या दादांना टाळायचाय तोच तुमच्या अंगावर येईल. टाकीत आधीच घातलं असेल तर ती रिकामी करा, फिल्टर बदला आणि तेव्हा रिंग एकच बसलीय ना, ते बोटानं तपासा.